घरी चाललेलं यंत्र लोकांसमोर का फसतं? विचित्र खाद्ययंत्र बनवताना या चुका टाळा

उकडलेली अंडी सोलायचं एक यंत्र मी केलं होतं. दोन रबरी रूळ, वरून पाण्याची बारीक धार, खाली जाळी. दिसायला बावळट, आवाज मात्र कारखान्याचा. घरी त्यानं लागोपाठ वीस अंडी अशी गुळगुळीत सोलली की मी स्वतःवरच खूश. मग ओळखीतल्या पंचवीसेक जणांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर पहिल्याच अंड्याचं अर्धं पांढरं टरफलाबरोबर निघून गेलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं फुटलं आणि पिवळा बलक रुळांवर लडबडला. सगळे हसले. मीही हसलो, पण कसा ते माझं मला ठाऊक.

रात्री यंत्र खोललं. रूळ ठीक, धार ठीक, मोटर ठीक. घोळ अंड्यांत होता. घरी मी फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस पडून असलेली अंडी वापरली होती आणि पाहुण्यांसमोर चांगली दिसावीत म्हणून मुद्दाम ताजी आणली होती. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच, म्हणजे आंबट-क्षारपणाचं माप, 7.6 च्या आसपास असतो. दिवस जातात तसा कवचाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पीएच 9 च्या वर सरकतो. मग पांढरं आतल्या पापुद्र्याला तितकंसं चिकटत नाही. थोडक्यात, माझ्या यंत्राचं निम्मं काम फ्रिजनं आधीच उरकून ठेवलं होतं.

चूक पहिली आणि सगळ्यांत मोठी: एकाच तऱ्हेच्या मालावर चाचणी

लाकूड, पत्रा, प्लास्टिक यांच्याशी खटपट करणाऱ्यांना सवय असते की आजचा तुकडा कालच्यासारखाच असणार. खायचा पदार्थ तसा नसतो. तो पिकतो, सुकतो, पाणी सोडतो, लहानमोठा निघतो. म्हणून वही घाला. मी आता प्रत्येक अंड्यापुढे चार गोष्टी लिहितो: किती दिवसांचं, लहान की मोठं, थंड पाण्यापासून उकडलं की उकळत्या पाण्यात सोडलं, आणि सोलताना कितपत गार होतं. थंड पाण्यापासून हळूहळू तापलेल्या अंड्याचं पांढरं पापुद्र्याला जास्त धरून बसतं. हे वहीत एका दुपारीत दिसलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारलं आणि कशामुळे, ते कळतच नाही. आणि फसलेली अंडीही मोजा. आपण ती मीठ लावून खाऊन टाकतो आणि सोयीस्कर विसरतो.

दुसरा लबाड घटक म्हणजे आपण स्वतः. मावशीच्या हाती यंत्र दिलं तेव्हा ते दर तिसऱ्या अंड्याला अडकू लागलं. का, तर चालवताना मी नकळत अंगठ्यानं झाकण दाबून धरत होतो आणि ती धरत नव्हती. माझा अंगठा हा यंत्राचा एक सुटा भाग होता म्हणायचा! तिथे एक साधी स्प्रिंग बसवली, प्रश्न मिटला. तेव्हा नमुना दुसऱ्याच्या हातात द्या, बाजूला उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. "असं नाही, असं धर" म्हणालात की चाचणी संपली.

जाताना मावशीनं विचारलं, "अरे, पण हे धुवायचं कसं?" मी गप्प. रुळांच्या टोकाशी पापुद्र्याचे तुकडे अडकले होते आणि तिथे ना बोट पोचत होतं ना ब्रश.

थ्रीडी प्रिंटवर फाजील विश्वास

आकार तपासायला थ्रीडी प्रिंट, म्हणजे प्लास्टिकचे थर रचून छापलेला भाग, उत्तम. पण अन्नाला लागणारा भाग तसाच ठेवू नका. सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. अंडी घरंगळत सोडायला मी प्रिंट केलेली घसरगुंडी गरम अंड्यांनी दोन दिवसांत वाकली. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत अन्नाचे कण आणि ओल राहते, तिथे जंतूंची सोय होते. प्रिंटरच्या पितळी नोझलमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीत, शिशाचा अंश असू शकतो, हेही लक्षात असू द्या. फिलामेंटच्या, म्हणजे प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेच्या, खोक्यावर 'फूड सेफ' लिहिलेलं असलं तरी ते कच्च्या मालाबद्दल असतं, तुमच्या प्रिंटबद्दल नाही. अन्नाला टेकणारे भाग 304 स्टेनलेस स्टीलचे किंवा फूड-ग्रेड सिलिकॉनचे करा, किंवा तयार भांड्यांतूनच जमवा. लिंबू, टोमॅटो अशा आंबट पदार्थांशी उघड्या ॲल्युमिनियमचं जमत नाही. गिअरला ग्रीस लावायचंच असेल तर अन्नयंत्रांसाठीचं, एच1 दर्जाचं.

विजेचं थोडक्यात: जिथे पाणी आहे तिथे मोटर 12 व्होल्टची आणि ॲडाप्टर ओल्यापासून लांब. मोटर नुसती गुणगुणतेय पण फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, जळतं. आधी अडथळा काढा, मग पुन्हा चालू करा. नवी मोठी मोटर लावणं हा शेवटचा उपाय. बहुतेकदा रूळच जास्त आवळलेले असतात.

गाजावाजा करण्याआधी हाताशी स्पर्धा लावा

अमेरिकेतल्या जुसेरो कंपनीनं पाकिटं पिळून रस काढणाऱ्या यंत्रासाठी जवळपास 12 कोटी डॉलर उभे केले होते. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी त्याच कंपनीची रसाची पाकिटं नुसत्या हातानं पिळून दाखवली. सप्टेंबरमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. ही चाचणी कुणालाही स्वयंपाकघरात फुकट करता आली असती.

मी केली. सहा अंडी: हातानं तीन मिनिटं, यंत्रानं एक, पण धुवायला पाच. म्हणजे घरगुती न्याहारीला माझं यंत्र हरतं. चाळीस अंड्यांना मात्र ते सहज जिंकतं. त्या दिवसापासून मी ते 'घरोघरी हवंच' म्हणून दाखवणं सोडलं. आता एकदम डझनावारी अंडी सोलणाऱ्यांनाच दाखवतो. ते हसत नाहीत, भाव विचारतात.

विचित्रपणा मात्र लपवू नका. जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी 'चिंदोगु' नावाचा प्रकार रूढ केला: खरोखर चालणारी, पण वापरायला गेलं तर लाज वाटावी अशी उपकरणं. त्यांच्या नियमांनुसार ती विकायची नसतात. नुसती गंमत करायची असेल तर बिनधास्त करा. विकायचं असेल तर गमतीनं लोक थांबतील, पण पुढच्या दहा सेकंदांत उपयोग दिसला पाहिजे. व्हिडिओ एकाच शॉटमध्ये घ्या, कापाकापी नको, आणि धुणंही दाखवा. हमखास शंका तिथेच येते. पाव कापायचं यंत्र बनवणारे अमेरिकेतले ओटो रोहवेडर यांनाही अशाच एका शंकेला तोंड द्यावं लागलं. काप लवकर शिळे होतील, हा बेकरीवाल्यांचा आक्षेप खरा होता. म्हणून पाव कापून लगेच गुंडाळण्याची सोय यंत्रातच करावी लागली. 1928 मध्ये तो पाव बाजारात आला.

आणि पेटंटचा विचार असेल तर व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज. युरोपात आधी जाहीर केलेली कल्पना नवी धरत नाहीत. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते.

हल्ली प्रात्यक्षिकाला मी तीन वाडगे मांडतो, अंड्यांवर पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या. ताज्यांचा वाडगा आधी घेतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की यातली दहापैकी चार फाटतील. परवा पाच फाटली.