खाण्यात चोखंदळ असाल, तर प्रवासात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून निघणाऱ्या प्रत्येक सहलीत एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या घशाखाली तिखट, कांदा किंवा लसूण उतरत नाही. मीही त्यांतलाच आहे. अशा माणसांचे हाल अन्नामुळे होतात त्यापेक्षा अधिक त्याच त्या चुकांमुळे होतात, आणि त्या पाहून मला आता खरोखर वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ताटावर बसल्यावर ‘जरा कमी तिखट द्या’ असे सांगणे. खानावळीतली भाजी सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजलेली असते. तिच्यातले तिखट कोणालाही काढून घेता येत नाही. म्हणून बसण्यापूर्वी मी एवढेच विचारतो की, तयार पदार्थांपैकी मिरची नसलेले कोणते आहेत. भाकरी, भात, दही, साधे वरण यांपैकी काही ना काही मिळतेच.

त्यातही भाषा नीट ठाऊक हवी. काही वर्षांपूर्वी बदामीची लेणी पाहून आम्ही एका खानावळीत जेवायला बसलो. उसळीत मीठ जास्त पडले होते, म्हणून मी ‘हे फार खारं आहे, खारं नको’ असे सांगितले. कन्नडमध्ये ‘खार’ म्हणजे तिखट. वाढणाऱ्याने तत्परतेने ती वाटी उचलून बिनतिखटाची आमटी आणली, आणि माझे तोंड पोळले असेल असे समजून सोबत मीठ घातलेल्या ताकाचा पेला ठेवला. मी आवाज चढवला, तो गोंधळला. अखेर शेजारच्या ताटावरच्या एका आजोबांनी मिठाला ‘उप्पु’ म्हणायचे असते, हे समजावून सांगितले. त्या माणसाने माझी काळजीच घेतली होती, हे कळल्यावर मी त्याची क्षमा मागितली. तेव्हापासून नव्या प्रांतात जाण्यापूर्वी मी पाच-सहा शब्द वहीत लिहून पाठ करतो. धारवाड, बागलकोटकडे जाणाऱ्यांनी ‘खार ब्याडरी’ म्हणजे तिखट नको, ‘उळ्ळागड्डी’ म्हणजे कांदा, ‘बेळ्ळुळ्ळी’ म्हणजे लसूण आणि ‘अन्न’ म्हणजे भात, एवढे तरी लक्षात ठेवावे. मोबाइल भाषांतर करून देईल या भरवशावर निघणारे उतावळे प्रवासी मला पटत नाहीत. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्याला पडदा वाचायला उसंत नसते.

दुसरी चूक ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीवर विसंबण्याची. ती पाटी मांस, मासे, अंडी नसल्याचे सांगते, कांदा-लसणाबद्दल काहीच सांगत नाही. बहुतेक हॉटेलांत पनीरपासून कोफ्त्यापर्यंत अनेक भाज्या कांदा-टोमॅटोच्या एकाच तयार रश्श्यावर होतात, त्यामुळे ‘कांदा वगळा’ ही विनंती तेथे निरर्थक ठरते. त्याऐवजी ‘जैन’ जेवण मागावे. आपल्या बेळगाव जिल्ह्यात जैन वस्ती मोठी असल्याने हा शब्द येथे सर्वांना परिचित आहे. बटाटाही त्यात नसतो, हे मात्र ध्यानात असावे. बंगालमध्ये डाळीतही माशाचे डोके घालण्याची पद्धत असल्याने तेथे स्पष्टपणे ‘निरामिष’ म्हणावे.

बंगालकडे मोहरीचे आणि केरळात खोबरेल तेल वापरतात. वास सहन होत नसेल तर वाफवलेले पदार्थ घ्यावेत. भूक अनावर होईपर्यंत थांबू नये. कुंदा किंवा करदंट असे गोड पदार्थ खाऊन जेवण टाळू नये. आणि ‘दोन दिवसांत सवय होईल’ म्हणत लहान मुलांच्या तोंडात घास कोंबू नये. अशी मुले पुढे प्रवासालाच नको म्हणतात, हे मी घरात पाहिले आहे.

माझ्या पिशवीत ज्वारीची कडक भाकरी आणि लसूण न घालता कुटलेली शेंगदाण्याची चटणी कायम असते. दमट हवा लागली नाही, तर ही भाकरी कित्येक दिवस टिकते. म्हणून ती कोरड्या कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दही सोबत नेऊ नये, ते मुक्कामी ताजे घ्यावे.