कार्ब्युरेटरच्या जुन्या पिकअपला फ्युएल इंजेक्शन बसवताना मूळ टाकी न कापण्याची युक्ती

कार्ब्युरेटरसाठी बनलेल्या टाकीत बहुधा आडपडदे (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत बसवलेले पत्रे) नसतात. त्यामुळे पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला सरकते, इंजेक्शनचा (पेट्रोल दाबाने फवारून इंजिनाला देणाऱ्या यंत्रणेचा) पंप हवा ओढतो आणि इंजिन बंद पडते. टाकी बदलण्याऐवजी १ ते २ लिटरची छोटी सर्ज टाकी (मुख्य टाकी आणि इंजेक्शनचा पंप यांच्यामधली, सतत भरलेली राहणारी टाकी) जोडणे स्वस्त पडते, आणि माझ्या मते ती अधिक भरवशाचीही ठरते.

१. इंजिनवरचा जुना यांत्रिक पंप काढू नये. साधारण ४ ते ७ पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड, दाबाचे एकक) दाबाचा हा पंप सर्ज टाकी भरण्यास पुरेसा असतो, कारण इंजिन जाळेल तेवढेच पेट्रोल त्याला पुरवायचे असते.
२. सर्ज टाकीच्या तळातून उच्च दाबाच्या विद्युत पंपाला पेट्रोल द्यावे. हा पंप इंजेक्शनच्या संचानुसार बहुधा ४० ते ६० पीएसआय दाब देतो. रेग्युलेटरची (दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) परतीची नळी सर्ज टाकीतच वरच्या बाजूस सोडावी.
३. सर्ज टाकीच्या सर्वांत वरच्या तोंडातून जादा पेट्रोल आणि हवा मुख्य टाकीत परत न्यावी. ही नळी अरुंद ठेवू नये.

सर्ज टाकी केबिनबाहेर, सायलेन्सरच्या नळीपासून दूर, चासीवर घट्ट बसवावी.

कार्ब्युरेटरची जुनी रबरी नळी उच्च दाबाच्या बाजूला कदापि वापरू नये. तेथे एसएई ३०आर९ दर्जाची (इंजेक्शनच्या दाबासाठीच्या नळीचे मानक) नळी आणि इंजेक्शनसाठीचेच क्लॅम्प लावावेत, कारण तापलेल्या इंजिनावर एवढ्या दाबाने फवारलेले पेट्रोल क्षणात पेट घेऊ शकते.