कॉलेजचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये टिकेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

"काय हात आहे बघ त्याचा!" दर मार्चमध्ये हे वाक्य माझ्या कानावर येतं, आणि दर मार्चमध्ये मी विचारतो, "सामना कुठला?" सामना नसतोच. प्रो डे असतो: कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांना आपली फेक दाखवतो तो दिवस. खेळाडूच्या अंगावर पॅड नाहीत, समोर बचावफळी नाही, पाडायला धावून येणारं कोणी नाही. कोणता पास कितवा टाकायचा हे आधीच ठरलेलं, आणि झेलणारे रिसीव्हर बहुधा त्याच्या ओळखीचेच. नेटमधले थ्रोडाउन बघून कोणी कसोटीचा सलामीवीर निवडत नाही. इथे मात्र शहाणीसुरती माणसं तेवढ्यावर निकाल देऊन मोकळी होतात.

न्यू जर्सीत राहायला येऊन मला वीसेक वर्षं झाली. शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल, रविवारी एनएफएल ही व्यावसायिक लीग, असा माझा हिवाळा जातो. एनएफएलचे संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या एप्रिलअखेरच्या ड्राफ्टआधी आपल्या मंडळींच्या गप्पा ऐकतो, तेव्हा तेच चुकीचे ठोकताळे दरवर्षी नव्या नावांना चिकटवलेले दिसतात. त्यातले दोन मला फार खुपतात, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीचे थोडक्यात.

हाफ पँटमधला थ्रो

२६ मार्च २०२१. यूटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठात झॅक विल्सनचा प्रो डे होता. डावीकडे पळता पळता, पाय नीट रोवलेले नसताना, त्यानं अंगाच्या उलट दिशेला, मैदानाच्या पार पलीकडे खोलवर चेंडू फेकला आणि तो रिसीव्हरच्या हातात जाऊन पडला. न्यूयॉर्क जेट्स या संघाकडे ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक होता. दहा दिवसांत त्यांनी आपला आधीचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड कॅरोलायनाच्या संघाला देऊन टाकला. पाडव्याला भाचा जेवायला आला आणि पानावर बसल्या बसल्या त्यानं तो थ्रो मला चार वेळा दाखवला. "मामा, हाच आपला माणूस!"

मी हो म्हणालो, आणि चूक तिथेच झाली, कारण मला जास्त माहीत होतं. विल्सनचा २०२०चा मोसम कागदावर झगझगीत होता: ३३ टचडाउन (गोल लाइनपलीकडे नेऊन गुण देणारे पास), फक्त ३ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), ७३ टक्क्यांहून जास्त पास पूर्ण. पण ते कोविडचं वर्ष. ब्रिगम यंगचे ठरलेले बरेचसे सामने रद्द झाले आणि ऐनवेळी मिळतील ते प्रतिस्पर्धी गोळा करावे लागले. तेव्हाच्या पाच बड्या कॉन्फरन्समधला, म्हणजे कॉलेज संघांच्या गटांमधला, एकही संघ त्यांच्यासमोर आला नाही. माझ्या वहीत त्या मोसमातल्या चार सामन्यांखाली एकच शेरा होता, 'लाइन उत्तम, वेळ भरपूर'. पॉकेटमध्ये, म्हणजे त्याला राखणाऱ्या लाइनच्या आड, उभं राहून चहा प्यावा इतका वेळ त्याला मिळत होता. ५ डिसेंबरला कोस्टल कॅरोलायनाविरुद्ध ते १७-२२ असे हरले, शेवटच्या खेळीला गोल लाइनपासून यार्डभर अलीकडे अडकून. मोसमातला तो त्यांचा एकमेव पराभव. तो सामना पुन्हा बघायचा मी कंटाळा केला. आठ सेकंदांचा थ्रो मात्र चार वेळा बघितला.

१९ सप्टेंबर २०२१ला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, समोर पेट्रियट्स. आम्ही मामा-भाचे वरच्या स्टँडात बसलो होतो. विल्सनचे पहिले दोन्ही पास समोरच्यांनी पकडले. पूर्ण सामन्यात चार. जेट्स ६-२५ हरले. वरून मैदान बघताना एक गोष्ट उमगली, जी टीव्हीवर कळत नाही कारण तिथे कॅमेरा चेंडूमागे पळतो. हात तोच होता, ताकदही तीच. पण रिसीव्हर मोकळा *दिसेपर्यंत* तो थांबत होता. एनएफएलमध्ये रिसीव्हर मोकळा दिसला म्हणजे उशीर झालेला असतो. तो मोकळा होण्याआधीच चेंडू हातातून सुटावा लागतो. प्रो डेला ही परीक्षा होतच नाही, कारण तिथे सगळेच मोकळे असतात. २०२३ला जेट्सनी ॲरन रॉजर्स हा अनुभवी क्वार्टरबॅक आणला, आणि २०२४ला विल्सन डेन्व्हरला गेला.

हा अपघात होता असं म्हणू नका. २००७ला जामार्कस रसेलच्या प्रो डेनं लोकांना असंच भुलवलं होतं; गुडघ्यांवर बसूनही तो साठेक यार्ड चेंडू फेकतो, अशी त्याची ख्याती होती. ओकलंड रेडर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि तो तीन मोसम टिकला. नुसतं लांब फेकणं शेकडोंना जमत असतं. उलट टोकाला टॉम ब्रेडी. ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले, २०००च्या ड्राफ्टमध्ये तो १९९वा गेला, आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकला.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. प्रो डे बघायचाच नाही, कितीही कौतुक कानावर आलं तरी. आणि खेळाडूचे हरलेले सामने आधी बघायचे. जिंकलेल्या सामन्यात दोष झाकले जातात. चौदा गुणांनी मागे असताना, समोरच्याला पास येणार हे ठाऊक असताना काय करतो, ते बघायचं.

यार्ड कोणाचे?

दुसरी चूक करणारे आकडे बघतात, म्हणजे थ्रो बघून भुलणाऱ्यांपेक्षा जरा पुढे असतात. पण ते यार्ड क्वार्टरबॅकनं कमावले की प्रशिक्षकानं आयते हाती दिले, हे विचारत नाहीत. कॉलेजचा खेळ आणि एनएफएलचा खेळ वरवर सारखे दिसले तरी मैदानही सारखं नाही. चेंडू ठेवण्याच्या खुणा, म्हणजे हॅश मार्क, कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फूट दूर असतात; एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू वारंवार एका कडेला ठेवला जातो आणि दुसऱ्या कडेला ऐसपैस रान मोकळं पडतं. तिकडे बचाव विरळ होतो, सोपे पास मिळतात. एनएफएलमध्ये प्रत्येक खेळी जवळजवळ मधूनच सुरू होते आणि ते रान नाहीसं होतं.

दुसरा फरक लाइनमधल्या खेळाडूंचा. पास टाकायचा असेल तर त्यांना कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. म्हणून कॉलेजमध्ये आरपीओ (रन-पास ऑप्शन) फोफावला: लाइन धावण्याच्या खेळीसाठी पुढे घुसते, क्वार्टरबॅक समोरच्या एकाच बचावपटूकडे बघतो, तो आत आला की त्याच्यामागे पास टाकतो. छान युक्ती आहे, एनएफएलमध्येही चालते, पण तिथे वेळ फार कमी मिळतो. एकाच माणसाकडे बघून घेतलेला निर्णय म्हणजे पूर्ण बचाव वाचणं नव्हे.

तिसरा फरक सगळ्यात मोठा. कॉलेजमध्ये संघ रांगेत उभा राहतो, सगळे बाजूरेषेकडे माना वळवतात, प्रशिक्षक बचाव बघून खेळी बदलतो. वाचलं कोणी? प्रशिक्षकानं. एनएफएलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षकाचा आवाज येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचं सगळं एकट्याचं. २०२४पासून कॉलेजच्या वरच्या विभागातही रेडिओ आला, तरी बाजूरेषेकडे बघायची सवय सुटलेली नाही.

माझी पद्धत अगदी साधी, कोणी शिकवलेली नाही. सामना बघताना वहीत प्रत्येक पासची रेघ मारतो. स्क्रीन पास (लाइनच्या आडून दिलेला छोटा, आयता पास) असेल, खेळी सुरू होते त्या रेषेमागे टाकलेला असेल, किंवा पहिल्याच ठरलेल्या रिसीव्हरला दिलेला असेल, तर त्या रेघेवर काट मारतो. उरतात ते त्याचे स्वतःचे. चाळीस पासांतले कधी कधी नऊच उरतात. त्या नवांवर मत बनवायचं. दोन तास जातात, आणि नेमके तेच दोन तास लोकांना द्यायचे नसतात. एक आकडा सांगा, एक नाव सांगा, असं मला विचारतात. असा एक आकडा असता तर ३२ संघांनी कोट्यवधी डॉलर खर्चून माणसं गावोगाव पाठवली नसती.

यातही टोक गाठणारे असतात. 'अमुक पद्धतीत खेळलाय म्हणजे बाद' हाही तसाच आळस. टेक्सस टेक विद्यापीठाची एअर रेड पद्धत पास मोजता मोजता हात दुखावेत अशी. तिथल्या पॅट्रिक महोम्सनं २०१६ला ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ यार्ड पास टाकले आणि संघ तरीही ५९-६६ असा हरला. त्या मोसमात त्यांचे पाच विजय, सात पराभव. पद्धतीमुळे फुगलेले आकडे, असं म्हणून बरेच जण मोकळे झाले. २०१७च्या ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर चढायला आपल्या आणखी तीन निवडी मोजल्या आणि घेतला मिचेल ट्रुबिस्की, ज्यानं नॉर्थ कॅरोलायनाकडून फक्त १३ सामने सुरुवातीपासून खेळले होते. महोम्स दहावा गेला. एक मोसम ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला आणि २०१८ला ५० टचडाउन टाकून एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. माझ्या काट मारायच्या रीतीनं बघितलं तरी त्याच्या रेघा भरपूर उरायच्या, कारण ठरलेली खेळी मोडल्यावरही तो मैदान बघतच राहायचा.

सॅक झाला की लाइनला शिव्या

सॅक म्हणजे चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं. इथे मी दोनच गोष्टी मोजतो: दबाव किती वेळा आला, आणि त्यातल्या किती वेळा तो आडवा झाला. कॉलेजमध्ये चेंडू धरून बसायची सवय असेल तर ती पुढेही सोबत येते. पेटन मॅनिंगनं १९९८च्या पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन दिले आणि कोल्ट्स १६पैकी तीनच सामने जिंकले. पण ५७५ पास टाकताना तो फक्त २२ वेळा सॅक झाला. चुका होत होत्या, पण निर्णय वेळेवर होत होते, आणि चुका सुधारता येतात. अपवाद एकच मानतो: संघच नवा किंवा मोडका असेल तेव्हा. नव्याने आलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सनी २००२ला डेव्हिड कारला पहिल्याच मोसमात ७६ वेळा आडवं होऊ दिलं. त्यावरून त्या पोराबद्दल काही ठरवणं अन्याय आहे.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

उंची: ड्रू ब्रीज सहा फूट, रसेल विल्सन पाच फूट अकरा इंच. दोघांनीही सुपर बोल जिंकला.

पंजाचं माप: क्वार्टरबॅक जो बरो याचा पंजा नऊच इंच भरला, आणि दोन मोसमांत तो सुपर बोलमध्ये होता.

हाइजमन पुरस्कार: तो कॉलेजमधल्या कामगिरीचा आहे, भविष्याचा नाही. १९९३चा विजेता चार्ली वॉर्ड एनएफएलनं घेतलाच नाही. तो न्यूयॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळला.

बुद्धीच्या चाचण्या: २०२३ला सी. जे. स्ट्राउडच्या चाचणीचा वाईट निकाल बाहेर फुटला आणि लोक हसले. पहिल्या मोसमात त्यानं २३ टचडाउन टाकले, इंटरसेप्शन पाच.

'जॉश ॲलनचंही असंच होतं': हे वाक्य तर बंदच करा. वायोमिंगमध्ये ॲलनचे ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे, एनएफएलमध्ये तो ५२.८वरून दोन वर्षांत ६९.२वर गेला, हे खरं. त्यासाठी बफेलोनं धीर धरला, ॲलननं फेकण्याची ढब घडवून घेतली, आणि २०२०ला संघानं त्याला स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणून दिला. असा एक सापडला म्हणून दरवर्षी नेम चुकणारा प्रत्येक पोरगा ॲलन ठरत नाही. नेम नसणं हा सगळ्यात क्वचित सुधारणारा दोष आहे, असं माझं ठाम मत आहे.

एका मोसमात निकाल लावणं: जेट्सनी ज्याला सोडलं तो डार्नल्ड २०२४ला मिनेसोटाकडून ३५ टचडाउन टाकून १४ सामने जिंकला. मधल्या वर्षांत ज्यांनी त्याला मोडीत काढलं होतं, त्यात मीही होतो. त्याच्याभोवती धड लाइन नाही, प्रशिक्षक बदलतोय, हे मी मोजलंच नव्हतं. आता कोणाबद्दलही बोलताना तो *कुठे* जातोय ते कळेपर्यंत मी थांबतो. ड्राफ्टच्या रात्रीआधी निम्मीच माहिती हातात असते.

वेळ अगदीच कमी असेल तर एवढं करा. खेळाडूचा संघ हरलेला, तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक पूर्ण सामना निवडा. आवाज बंद ठेवा, समालोचक तुमचं मत आधीच बनवून टाकतात. फक्त थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, सात किंवा जास्त यार्ड हवे असतील त्या खेळ्या बघा, प्रत्येक तीन वेळा: एकदा त्याचे पाय, एकदा त्याचं डोकं कुठे वळतंय ते, आणि शेवटी चेंडू. असे तीन सामने झाले की मत लिहा, खाली तारीख घाला, आणि वही दोन मोसम उघडू नका.