दम लागल्यावर जोर लावू नका : श्वासनळीबाबतच्या या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागावर राबणाऱ्यांना आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांना सुताची, तंबाखूची धूळ चुकत नाही, त्यामुळे दम्याचा त्रासही घरोघरी ओळखीचा. धाप लागली की शेजारी बसलेलं माणूस काळजीने म्हणतं, "जोरात श्वास सोड." सगळ्यात मोठी चूक हीच.

श्वासनळीच्या कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडाच्या) कड्या पुढून भक्कम, पण मागे उघड्या असतात. तिथे नुसता स्नायू. आतल्या बारीक नळ्यांना तर कूर्चाच नाही. जोर लावून श्वास सोडला की छातीतला दाब नळ्यांना बाहेरून चेपतो. आतला दाब मात्र तोंडाकडे येता येता घटत जातो. मग नळी आवळते आणि हवा मागेच कोंडते. हा हिशेब फार कडक आहे : संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा १६ पट वाढतो.

म्हणून पुढे झुकून बसा, नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. ओठांशी हवा थोडी अडते, त्यामुळे नळ्यांत दाब टिकतो आणि त्या उघड्या राहतात. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरी थांबू नका.

दम्याच्या पंपाची (इनहेलरची) गंमत उलटसुलट आहे. फवाऱ्याचा पंप हळू आणि खोल ओढायचा, पावडरचा जोरात. अनेकजण दोन्ही एकाच पद्धतीने घेतात आणि औषध घशातच राहतं.

खोकल्यात मात्र नळीचं हेच चेपणं कामाला येतं. मागची भिंत आत येते, वाट अरुंद होते, हवेचा वेग वाढतो आणि कफ सुटतो. कफ असताना खोकला दाबणारं औषध मनाने घेऊ नका.

शेंगदाण्याशिवाय आपलं पान हलत नाही, पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका. ठसका लागलेलं मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या; तोंडात बोट घालून चाचपडू नका, दाणा आणखी खाली जातो. आवाजच फुटत नसेल तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. ठसका थांबला तरी खोकला किंवा छातीतली शिट्टी राहिली, तर दाणा खालच्या नळीत अडकलेला असू शकतो. डॉक्टरांना 'दाणे खाताना ठसका लागला होता' हे आवर्जून सांगा.