टेलिकॉम क्लाउडमध्ये यायचंय? आधी एक कॉल नीट समजून घ्या

‘आधी ओपनस्टॅक शिकू की कुबरनेटीस?’ (दोन्ही सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायची, सांभाळायची क्लाउडची साधनं.) इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं मला हमखास विचारतात. मी सांगतो, दोन्ही नंतर. आधी फोन कसा लागतो ते शिका.

व्होल्टीचा, म्हणजे 4जीच्या डेटावरून होणारा कॉल जोडायचं काम आयएमएस या नेटवर्कमधल्या यंत्रणेचं. पूर्वी त्यातल्या प्रत्येक कामासाठी वेगळा, महागडा खोका यायचा. ऑक्टोबर 2012 मध्ये मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी मिळून श्वेतपत्रिका काढली, की ही कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवू. टेलिकॉम क्लाउड तो हाच. आपल्याकडे जिओची सेवा 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झाली तीच व्होल्टीवर. मागे 2जी-3जीचा आधार नाही. अशा नेटवर्कमध्ये आयएमएस कोलमडलं की बोलणं बंद.

वेबसाइट अर्धा सेकंद थांबली तर कुणाला कळत नाही. आवाजाचं तसं नाही. दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला 50, एका दिशेनं.

एका प्रोजेक्टवर संध्याकाळच्या गर्दीत कॉल लागायचे, पण आवाज तुटायचा. सिग्नलिंगचा, म्हणजे कॉल जोडणाऱ्या मेसेजेसचा ट्रेस स्वच्छ: इन्व्हाइट (कॉलची विनंती), मग 183, 180, 200 ओके ही उत्तरं, सगळं जागच्या जागी. साहजिकच सगळ्यांनी रेडिओवाल्यांना, म्हणजे टॉवरची बाजू बघणाऱ्यांना धरलं. मग स्विचवर मिरर पोर्ट (जाणाऱ्या पॅकेटांची नक्कल देणारा पोर्ट) लावून वायरशार्क या पॅकेटं वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये आरटीपी, म्हणजे आवाजाची पॅकेटं पाहिली. एसबीसीत (नेटवर्कच्या सीमेवर कॉल सांभाळणाऱ्या यंत्रणेत) शिरताना पॅकेटं अगदी वेळेवर होती; बाहेर पडताना मध्येच खंड पडायचा आणि मग चार-पाच एकदम. हरवलं एकही नव्हतं, पण फार उशिरा आलेलं पॅकेट फोनचा जिटर बफर (पॅकेटं क्षणभर थोपवून ओळीनं वाजवणारा) टाकूनच देतो. एसबीसी ज्या व्हर्च्युअल मशीनवर (एका सर्व्हरमधल्या सॉफ्टवेअरच्या संगणकावर) होती, तिथे लिनक्सची ‘टॉप’ ही कमांड चालवली, तर ‘एसटी’चा, म्हणजे हिरावलेल्या वेळेचा आकडा चढलेला. म्हणजे हायपरवायझर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) तिचा सीपीयू शेजारच्या मशीनला देत होता. सीपीयूचे ठरावीक कोअर तिला बांधून (पिन करून) तिच्यासाठी राखून ठेवले आणि आवाज सुधारला. सीपीयू पिनिंग, न्यूमा, ह्यूज पेजेस, एसआर-आयओव्ही हे सर्व्हरच्या कामगिरीशी जोडलेले शब्द नुसते पाठ करू नका. प्रत्येकामागे असा एखादा तुटलेला आवाज आहे.

सरावाला लिनक्सचा लॅपटॉप पुरतो. कामाइलिओ हा कॉल जोडणारा सर्व्हर बसवा, सिप-पी (SIPp) या चाचणीच्या साधनानं कॉल मारा, वायरशार्कमध्ये एकेक मेसेज वाचा. फोन आयएमएसकडे नोंदणीसाठी जो रजिस्टर मेसेज पाठवतो, त्याला पहिलं उत्तर 401 येतं. घाबरू नका, ती ओळख पटवण्याची मागणी असते. सोबत आरएफसी 3261, म्हणजे या मेसेजेसच्या सिप (SIP) प्रोटोकॉलचं मूळ दस्तऐवज, थोडं थोडं वाचत राहा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न विचारतोच: रात्री गर्दी ओसरल्यावर जादाची मशीन बंद करायची, तर तिच्यावरच्या चालू कॉलचं काय? बरेच जण ‘लोड बॅलन्सर (मशीनमध्ये काम वाटणारा) बघेल’ म्हणतात. मला ऐकायचं असतं ते असं: नवे कॉल तिच्याकडे पाठवणं थांबवू, चालू कॉल संपू देऊ किंवा त्यांची स्थिती दुसरीकडे जपलेली आहे याची खात्री करू, मगच मशीन बंद करू.