टर्मिनल गप्प करायला गेले, तेव्हा

महाप्यातल्या पहिल्या नोकरीचा दुसरा आठवडा. प्रोजेक्ट जँगोचं (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट), आणि माझ्याकडे काम एकच: रिपोर्टचा डेटा देणारी एपीआय 500, म्हणजे सर्व्हरची एरर, का देते ते शोधायचं. रनसर्व्हर (जँगोचा आपल्याच मशीनवर चालणारा सर्व्हर) चालू केला, पान उघडलं आणि टर्मिनलवर सीएसएस, जेएस, आयकॉनच्या 200 वाल्या (म्हणजे सगळं ठीक) ओळींची रांग लागली. भरीला नोटिफिकेशनसाठी दर पाच सेकंदांनी जाणारी रिक्वेस्ट. ट्रेसबॅक, म्हणजे कोड कुठे फुटला त्याचा माग, वाचायला घ्यावा, तोवर तो वर सरकलेला. संध्याकाळी घणसोली स्टेशनच्या जिन्यावर ओळखीचं माणूस शोधावं, तशी गत.

वैतागून सेटिंग्जमध्ये लॉगिंगचा (टर्मिनलवर काय छापायचं ते ठरवणारा) एक तुकडा कुठून तरी आणून चिकटवला. स्क्रीन शांत! पण एपीआय पुन्हा फुटली तेव्हा टर्मिनलवर फक्त 500 ची ओळ, ट्रेसबॅक गायब. रिक्वेस्ट फेचमधून, म्हणजे पानामागच्या जेएसमधून, जात होती, त्यामुळे ब्राउझरमधलं ते पिवळं एरर पानही समोर नाही. अर्धा दिवस गेला. शेवटी शेजारच्या सीनियरने नजर टाकली आणि म्हणाली, "अगं, चाळणी लावायची होती, तू बूचच मारलंस."

गोम त्या तुकड्यातल्या 'डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स' या सेटिंगमध्ये होती. हे लिहिलंच नाही तर पायथॉन ते 'ट्रू' धरतो आणि आधीचे, तुम्ही नाव न घेतलेले लॉगर (या ओळी पाठवणारे) बंद करतो. माझ्या ट्रेसबॅकचा 'जँगो.रिक्वेस्ट' त्यातच गेला. सुक्याबरोबर ओलंही जळलं. तिथे 'फॉल्स' आठवणीने लिहा.

मग करायचं काय? पायथॉनमध्ये प्रत्येक ओळीला गांभीर्याची पातळी असते: डीबग 10, इन्फो 20, वॉर्निंग 30, एरर 40, क्रिटिकल 50. रनसर्व्हरच्या ओळी 'जँगो.सर्व्हर' या लॉगरकडून येतात: 200 आणि 304 (बदल नाही) इन्फोत, 404 (सापडलं नाही) वॉर्निंगमध्ये, 500 एररमध्ये. तेवढ्या एकाच लॉगरला वॉर्निंगवर आणा, म्हणजे त्याखालचं छापलं जात नाही (ओळ टर्मिनलवर पोचवणारा हँडलरही पुन्हा द्या, तो गळतो). सीएसएसची रांग जाते, फुटलेल्या रिक्वेस्ट राहतात. सगळ्यांच्या वरच्या रूट लॉगरला मात्र हात लावू नका, नवीन मुलं हमखास तिथेच जातात. दर पाच सेकंदांच्या त्या रिक्वेस्टची 200 वाली ओळही यातच जाते. बाकी 200 बघायच्या असतील आणि फक्त तीच नको असेल, तर लॉगर इन्फोवरच ठेवून चार ओळींचा फिल्टर लिहा: मेसेजमध्ये त्या रिक्वेस्टचा पाथ दिसला की 'फॉल्स' परत.

'जँगो.डीबी.बॅकएंड्स' हा सगळ्यांत बडबड्या. डीबगवर ठेवला, आणि सेटिंग्जमधलं वेगळं डीबगही चालू असेल, तर डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक एसक्यूएल क्वेरी छापतो. मीही तो बंदच करणार होते. पण बघितलं तर एकच क्वेरी फक्त आयडी बदलून ओळीने येत होती, रिपोर्टच्या प्रत्येक रांगेमागे एक. लूपमध्ये फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारं फील्ड) वाचत होतो आम्ही. 'सिलेक्ट रिलेटेड' घातलं आणि ती अख्खी माळ दोन्ही टेबलं जोडणाऱ्या एका जॉइन क्वेरीमध्ये आली. तो लॉगर मी आजही रिपोर्टचं काम असलं की चालू करते, संपलं की परत बंद.

क्रोम ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (पानाचे मेसेज दिसतात ती खिडकी) तर सेटिंगही नको. फिल्टरच्या खणात नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह टाका, त्या ओळी दिसेनाशा होतात. फक्त नंतर तो खण रिकामा करा. माझा एकदा राहिला होता, आणि कन्सोल स्वच्छ आहे असं मी स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) सांगूनही बसले.