माऊस घेताना आधी चाक दाबून बघा

डिप्लोमा संपला आणि सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या डिझाईन ऑफिसात चिकटलो. पहिल्या दिवशी घरचा लॅपटॉप उघडून बसलो. काम पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढायचं होतं. किर्लोस्करवाडी 1910 पासून याच जिल्ह्यात, पंप आणि कास्टिंगची ड्रॉइंगं आमच्याकडं नवी नाहीत. मी आपला टचपॅडवर दोन बोटं घासतोय. शेजारच्या काकांनी थोडा वेळ बघितलं आणि ड्रॉवरमधला जुना वायरवाला माऊस माझ्यापुढं सरकवला. "बाळा, वाटीनं विहीर उपसायची न्हाई."

त्या माऊसनं मी तासाभरात केसिंगचा सेक्शन, म्हणजे आडवा छेद, पुरा केला. मग पहिल्या पगारात हौसेनं दिवेवाला गेमिंग माऊस घेतला, तिथं फसलो. डीपीआयचा, म्हणजे हात जरासा हलला की कर्सर किती पळतो त्याचा, आकडा बघून घेतला होता. कॅडमध्ये तो आकडा फारसा कामाला येत नाही, उलट फार वाढवला तर कर्सर एंडपॉइंटवर, म्हणजे रेषेच्या टोकावर, थांबायलाच तयार होत नाही. खरं काम मधल्या चाकाचं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं, डबल क्लिक केलं की सगळं ड्रॉइंग स्क्रीनवर मावतं. थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉलिडवर्क्समध्ये तेच चाक दाबून ओढलं की मॉडेल फिरतं, सरकवायचं तर सोबत कंट्रोल धरावा लागतो. म्हणजे दिवसभर बोट त्या चाकावरच. माझ्या नव्या माऊसचं चाक दाबायला दगडासारखं आणि फिरायला ढिलं. सरकवायला जावं तर झूम व्हायचं, आणि नेमकं डायमेन्शन टाकताना. महिन्याभरात मधलं बोट ठणकायला लागलं.

म्हणून दुकानात गेलात की माऊस खोक्यातून काढून घ्या आणि चाक वीसेक वेळा दाबा. दाबताना एक खाचही पुढं सरकता कामा नये. दाबून धरून हात आडवा ओढून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वायरलेस चालतो, फक्त सेल संपतो तो ड्रॉइंग पाठवायच्या दिवशीच, तेव्हा एक जास्तीचा ड्रॉवरमध्ये ठेवा. बाजूला दोन बटणं असली तर एकाला एस्केप द्या.

कीबोर्डबद्दल एकच अट, आकड्यांचा वेगळा भाग हवा. आपण दिवसभर 37.5, 112, 0.8 असलं टाईप करतो. पण हा भाग उजवीकडं असतो आणि उजवा हात माऊसवर, त्यामुळं हात सारखा ये-जा करतो. मी यूएसबीचा सुटा नंबरपॅड घेऊन डावीकडं ठेवला. आठ दिवस आकडे उलटेसुलटे पडले, नंतर डावा हात आपोआप चालायला लागला. एंटरसाठी ऑटोकॅडमध्ये अंगठ्याखालचा स्पेसबार आहेच, आणि कमांड संपल्यावर तोच पुन्हा दाबला की आधीची कमांड परत येते. मूव्ह कमांडचा एम उजवीकडं लांब पडतो, म्हणून मी ऑटोकॅडच्या कमांडची छोटी नावं ठेवणाऱ्या पीजीपी फाईलमध्ये मूव्हला व्हीव्ही असं नाव जोडून टाकलं. ऑफिसात दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की पंचाईत होते, ते मात्र खरं.

मनगट दुखायला लागलं तर आधी खुर्ची वर घ्या, कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. उभा माऊस मी वापरून बघितला. मनगटाला बरं वाटतं, पण मॉडेलची बारीक कड निवडताना माझा नेम चुकायचा. काकांना ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवर ठेवून वरचा गोळा फिरवायचा माऊस, सोसला, मला नाही.

राहिला थ्रीडी माऊस, डाव्या हातातला तो गोल टोपीचा खुंटा. ढकला, ओढा, उचला, पिळा, मॉडेल तसं हलतं. हे तंत्र जर्मन अंतराळ संस्थेतल्या यंत्रमानवाच्या कामातून आलंय. साध्या माऊसच्या कितीतरी पट महाग आहे, आणि नुसतं टूडी करणाऱ्यानं त्याच्या नादाला लागू नये. मी तिसऱ्या वर्षी घेतला, कारण कास्टिंगच्या मॉडेलला कोपऱ्याकोपऱ्यात फिलेट, म्हणजे गोलाई, असतात आणि तिथं डोकावायला मॉडेल सारखं फिरवावं लागतं. पहिले चार दिवस इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आतला फिरणारा पंखा, स्क्रीनवर पतंगासारखा गोते खात होता. सेटिंगमध्ये जाऊन वेग निम्म्यावर आणला, तेव्हा कुठं तो हातात आला.